पाचांतून एक वजा : दावोसच्या फोटोतून वनेसा नकाते कशा कापल्या गेल्या

24 जानेवारी 2020, शुक्रवार. स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथे जागतिक आर्थिक मंचाच्या पन्नासाव्या वार्षिक बैठकीचा शेवटचा दिवस. हवामानबदलाच्या चळवळीतल्या पाच तरुणी पत्रकार परिषदेसाठी आल्या आणि त्यांचा एकत्र फोटो निघाला. डावीकडून पाहिलं तर युगांडाच्या वनेसा नकाते, जर्मनीच्या लुइसा नॉयबाउअर, स्वीडनच्या ग्रेटा थनबर्ग आणि इसाबेल अक्सेलसन, आणि शेवटी स्वित्झर्लंडच्या लुकिना टिले. मागे बर्फाचे डोंगर, नकाते यांच्या मागच्या बाजूला एक इमारत. असोसिएटेड प्रेसने, म्हणजे एपीने, हा फोटो जगभरच्या ग्राहक माध्यमांना पाठवला तेव्हा त्यात चारच जणी होत्या. डावीकडची कड कापली गेली होती आणि तिच्याबरोबर गटातली एकमेव कृष्णवर्णीय, एकमेव आफ्रिकी व्यक्तीही गेली होती.

नकाते यांनी ट्विटरवर एपीला थेट विचारलं की मी या गटाचा भाग असताना मला फोटोतून का काढलं. मग त्यांनी सुमारे दहा मिनिटांचा व्हिडिओ केला. तुम्ही फक्त एक फोटो पुसलेला नाही, तुम्ही एक खंड पुसला आहे, हे त्यांचं वाक्य तेव्हापासून सगळीकडे उद्धृत होत आलं आहे.

माध्यमांतल्या वंशाच्या चित्रणावर शिकवताना बहुतेक वेळा ढळढळीत उदाहरणं घेतली जातात. जुन्या जाहिराती, वसाहतकाळातली पोस्टकार्डं, चेहऱ्याला काळा रंग फासून केलेली नाटकं. त्यांतला दोष कुणालाही दिसतो, म्हणून त्यांतून फारसं शिकायला मिळत नाही. दावोसचं प्रकरण जास्त उपयोगाचं आहे, कारण इथे कुणी शिवी दिली नाही, कुणी खोटं लिहिलं नाही, फोटोत काही घुसडलंही नाही. कामाच्या घाईत रोज घेतले जातात तसले दोन-तीन निर्णय घेतले गेले आणि निष्पन्न मात्र वसाहतकाळातल्या नकाशासारखं झालं.

फोटो पाठवण्याची साखळी

वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार अशा कार्यक्रमात एकामागून एक बरेच फोटो घेतो. त्यांतले काही निवडतो, लॅपटॉपवर किंवा कॅमेऱ्यातूनच चौकट नीट करतो, फोटोओळ लिहितो आणि संपादकाकडे पाठवतो. फोटोओळ फाइलच्या आतच ठरावीक रकान्यांत भरलेली असते: कोण, कुठे, कधी, डावीकडून कोणत्या क्रमाने. संपादक ती पाहून वायरवर, म्हणजे ग्राहकांना बातम्या आणि फोटो पुरवणाऱ्या संस्थेच्या जाळ्यावर, सोडतो. तिथून तो फोटो ग्राहक वर्तमानपत्रांच्या आणि संकेतस्थळांच्या यंत्रणेत आपोआप उतरतो, अनेक ठिकाणी कुणी माणूस त्याला हात लावण्याआधीच बातमीला चिकटतो.

या साखळीत कातरणीचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. माणूस चौकटीबाहेर गेला की त्याचं नाव फोटोओळीतूनही जातं, कारण जो फोटोत नाही त्याचं नाव लिहायचं कशाला? आणि नाव फोटोओळीतून गेलं की संग्रहातल्या शोधातूनही जातं. उद्या एखाद्या संपादकाने ‘दावोस, हवामान, युगांडा’ असं शोधलं तर तो फोटो त्याला सापडणार नाही. चेहरा जाणं हे वाचकाला दिसतं. नोंद जाणं कुणालाच दिसत नाही, आणि ते नुकसान जास्त टिकाऊ असतं.

कातरण्याचं गणितही एकदा करून पाहावं. नेहमीच्या कॅमेऱ्याची चौकट 3:2 असते, समजा 6000 बाय 4000 पिक्सेल. डावीकडचा एक पंचमांश कापला की रुंदी 4800 उरते. 3:2 हे प्रमाण टिकवायचं तर उंचीही 3200 वर आणावी लागते, म्हणजे वरून किंवा खालूनही काहीतरी सोडावं लागतं. मूळ चित्राचं 64 टक्के क्षेत्र उरतं. पाच माणसांच्या रांगेतून कडेचं एक माणूस वगळायचं तर साधारण एवढं कापावं लागतं. अशी कात्री चुकून बोट लागून चालत नाही. कोणती कड ठेवायची आणि कोणती सोडायची हे कुणीतरी पडद्यावर बघून ठरवतं.

दिलेलं कारण आणि फोटो

एपीकडून सुरुवातीला आलेलं स्पष्टीकरण असं होतं: छायाचित्रकाराला वेळ कमी होता, नकाते यांच्या मागची इमारत लक्ष विचलित करत होती, म्हणून केवळ रचनेच्या कारणाने ती बाजू कापली, वाईट हेतू नव्हता, आणखी फोटो आल्यावर बातमीत बदल केला.

हे कारण खोटं आहे असं धरण्याची गरज नाही. ते खरं धरूनच तपासावं, आणि तपासायला फोटो पुरेसा आहे.

पाच जणींच्या रांगेत थनबर्ग तिसऱ्या आहेत. म्हणजे मूळ चौकटीत त्या दिवशीचा सर्वांत बातमीयोग्य चेहरा बरोबर मध्यभागी होता, दोन्ही बाजूंना दोन-दोन जणी. कापल्यावर थनबर्ग डावीकडून दुसऱ्या झाल्या. शुद्ध रचनेच्या दृष्टीने पाहिलं तर कात्रीने समतोल घडवला नाही, होता तो मोडला. त्या बदल्यात मिळालं काय? इमारतीचा अडथळा नसलेले, स्वच्छ बर्फाचे डोंगर. पार्श्वभूमी स्वच्छ होण्यासाठी एका माणसाची किंमत मोजली गेली, आणि मोजणाऱ्याला ती परवडण्याजोगी वाटली.

दुसरा बचाव वाचकांकडून नेहमी येतो: बातमी थनबर्ग यांची होती, बाकीच्या गौण. ठीक. मग थनबर्ग यांचा एकट्यांचा फोटो पुरला असता. बाकी तिघी राहिल्या त्या का? त्यांच्यापैकी कुणाचंही नाव जगभरच्या सामान्य वाचकाला थनबर्ग यांच्याइतकं ठाऊक नव्हतं. बातमीमूल्य हा निकष लावला तर एक राहते किंवा पाच राहतात. चार राहण्याचा हिशेब त्या निकषाने लागत नाही. ‘त्या कडेला उभ्या होत्या’ हाही बचाव टिकत नाही, कारण उजव्या कडेला टिले उभ्या होत्या आणि त्या राहिल्या.

एवढ्यावरून छायाचित्रकाराच्या मनात काय होतं हे सिद्ध होत नाही, आणि प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने तसा दावा करूही नये. सिद्ध होतं ते इतकंच की ‘रचना’ हे कारण एकटं पुरत नाही. त्याला आधार देणारं आणखी काहीतरी लागतं: या चित्रातून कोण गेलं तर चित्र अपुरं वाटेल आणि कोण गेलं तर वाटणार नाही, याचा आधीच ठरून गेलेला अंदाज. वसाहतोत्तर सिद्धान्ताचं, म्हणजे वसाहतवादाने घडवलेल्या नजरेचा आजवरचा प्रभाव तपासणाऱ्या विचाराचं, काम या अंदाजापाशी सुरू होतं. हेतू हा त्याचा विषयच नाही.

नियमात कात्री कुठे बसते

एपीच्या नीतिनियमांनुसार फोटोत डिजिटल फेरफार निषिद्ध आहे. चालतात ते किरकोळ बदल: कातरणं, उजेड-सावली थोडी कमी-जास्त करणं, कृष्णधवल करणं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणं. धूळ साफ करणं आणि चौकट कातरणं एकाच यादीत आहेत, हे नीट पाहून ठेवण्यासारखं आहे.

जानेवारी 2014 मध्ये याच संस्थेने सीरियाच्या युद्धाचे फोटो काढणाऱ्या एका स्वतंत्र छायाचित्रकाराशी संबंध तोडले. त्याने एका बंडखोर लढवय्याच्या फोटोत कोपऱ्यात पडलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा सॉफ्टवेअरने पुसला होता. संस्थेने हा प्रकार स्वतःहून जाहीर केला आणि त्याचे सगळे फोटो आपल्या व्यावसायिक संग्रहातून काढून टाकले. निर्णय योग्यच होता. पण आता दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. कोपऱ्यातली एक वस्तू पिक्सेल बदलून घालवली तर तो सत्याशी द्रोह. कडेचा एक माणूस कातरून घालवला तर तो नियमानुसार किरकोळ बदल. नियम तंत्रावर नजर ठेवतो, परिणामावर नाही. आतलं काही बदललं का, एवढंच तो विचारतो. बाहेर काय ढकललं हे विचारायची सोय त्यात नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धागा हाच आहे, आणि चर्चेत त्याला सर्वांत कमी जागा मिळाली. सगळं लक्ष त्या छायाचित्रकारावर गेलं. नियमाने त्याला थांबवलं नसतं, संपादकाने पडताळणी-यादी काढली असती तर तीही त्या फोटोवर बरोबरची खूण करून गेली असती.

वायरचा इतिहास

1870 मध्ये फ्रान्सची हवास, ब्रिटनची रॉयटर्स आणि जर्मनीची वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी जग आपसांत वाटून घेतलं. ब्रिटिश साम्राज्य आणि अतिपूर्व रॉयटर्सकडे. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण अमेरिका हवासकडे. जर्मनी आणि उत्तर-मध्य युरोपाचा पट्टा वोल्फकडे. बातमी जिथून साम्राज्याच्या तारा जात तिथून जाई. आफ्रिकेतल्या एका वसाहतीत घडलेली घटना शेजारच्या वसाहतीला कळायची ती लंडन किंवा पॅरिसमार्गे, तिथल्या संपादकाला ती सांगण्याजोगी वाटली तरच.

एपी ही अमेरिकी संस्था तेव्हा या वाटपाची कनिष्ठ भागीदार होती. पुढे तिचे सरव्यवस्थापक झालेले केंट कूपर यांनी 1942 च्या आपल्या पुस्तकात याबद्दल कडवट तक्रार केली: अमेरिकेची कोणती बातमी जगाला सांगायची हे रॉयटर्स ठरवत असे, आणि सांगत असे ते काय, तर पश्चिमेत आदिवासींचे हल्ले, दक्षिणेत झुंडींनी केलेल्या हत्या, उत्तरेत चित्रविचित्र गुन्हे. म्हणजे आपलं चित्र दुसऱ्याने काढणं काय असतं हे या संस्थेने स्वतः अनुभवलं होतं आणि शब्दांत मांडलंही होतं. ती वाटणी 1934 मध्ये संपली. पण 1970 च्या दशकात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी युनेस्कोत नव्या जागतिक माहिती-व्यवस्थेची मागणी केली, तेव्हा त्यांची तक्रार जवळपास कूपर यांचीच होती, फक्त या वेळी ती पाश्चात्त्य वृत्तसंस्थांविरुद्ध होती आणि त्यांत एपीही होती. युनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाच्या 1980 च्या अहवालाने बातम्यांच्या या एकेरी वाहतुकीची सविस्तर नोंद केली. नंतर 1984 च्या अखेरीस अमेरिका आणि 1985 मध्ये ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले. कारणं अनेक दिली गेली, पण माहिती-व्यवस्थेचा वाद त्यांत ठळक होता.

दावोसच्या त्या बर्फात हा इतिहास कुणाच्या मनात नसेलच. मनात असण्याची गरजही नाही. जगाचा फोटो काढून जगाला परत विकणारी केंद्रं मोजकीच आहेत आणि ती कुठे आहेत, याने चौकटीचं केंद्र ठरतं.

कोणता सिद्धान्त कुठवर चालतो

वसाहतोत्तर विचारवंत एडवर्ड सैद यांनी 1978 मध्ये मांडलेला मूळ मुद्दा असा की पूर्वेचं पाश्चात्त्य चित्रण पूर्वेबद्दल जेवढं सांगतं त्याहून जास्त चित्रण करणाऱ्याच्या स्थानाबद्दल सांगतं. इथे तो थेट लागू पडतो. कापलेला फोटो आफ्रिकेबद्दल काहीच सांगत नाही. हवामान चळवळ म्हणजे काय, तिचा चेहरा कसा दिसतो, याबद्दलची युरोप-अमेरिकेची कल्पना मात्र तो अगदी स्पष्ट दाखवतो: तरुण, युरोपीय, बर्फाच्या पार्श्वभूमीवर. तेव्हा जगाच्या लोकसंख्येत सुमारे 17 टक्के आणि आजवरच्या कार्बन उत्सर्जनात जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास वाटा असलेला खंड त्या कल्पनेत बळी म्हणून येऊ शकतो. भेगाळलेली जमीन, रिकामी भांडी, वाट पाहणारे डोळे. पत्रकार परिषद घेणारी व्यक्ती म्हणून तो सहज बसत नाही. नकाते जानेवारी 2019 पासून कंपालाच्या रस्त्यांवर फलक घेऊन उभ्या राहत होत्या, काँगोच्या वर्षावनासाठी आंदोलन करत होत्या. त्या दावोसला मदत मागायला आलेल्या नव्हत्या.

माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांच्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे अर्थ दोनदा घडतो हे भान: एकदा पाठवणाऱ्याकडे, एकदा वाचणाऱ्याकडे. कातरलेला फोटो ज्याने एकटाच पाहिला त्याला त्यात काही खटकणं शक्य नव्हतं. चार जणी उभ्या आहेत, बस. मूळ फोटो शेजारी आला तेव्हाच दुसरं वाचन शक्य झालं. म्हणून अशा अभ्यासात कापलेल्या चित्राचं कितीही बारकाईने विश्लेषण केलं तरी हाती फार लागत नाही. तुलनेचं चित्र मिळवणं हे पहिलं काम.

वसाहतोत्तर विचारवंत गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचा 1988 चा निबंध मात्र इथे सरसकट चिकटवला जातो तो चुकीचा आहे. निम्नवर्गीय बोलू शकते का, हा त्यांचा प्रश्न ज्यांच्यापाशी ऐकलं जाण्याचं कोणतंच साधन नाही अशांबद्दल आहे. नकाते व्यवसाय-प्रशासनाच्या पदवीधर, इंग्रजीत सहज बोलणाऱ्या, ट्विटरवर अनुयायी असलेल्या. त्यांनी काही तासांत जाब विचारला आणि जगाने तो ऐकला. त्यांना त्या निबंधातली मूक स्त्री ठरवणं म्हणजे त्यांची कृती पुन्हा पुसणं. स्पिव्हाक यांचा प्रश्न इथे वेगळ्या जागी लागतो: त्याच आठवड्यात जगभर किती फोटो असे कापले गेले असतील, ज्यांतल्या माणसाने ती प्रत कधी पाहिलीच नाही?

दुसऱ्या फोटोओळीतली चूक

त्याच दिवसांत दुसरीकडे एका फोटोओळीत नकाते यांचं नाव नताशा म्वान्सा असं छापून आलं. म्वान्सा या झांबियाच्या तरुण कार्यकर्त्या, त्याही दावोसला आलेल्या. झांबिया आणि युगांडा हे वेगवेगळे देश, मधे टांझानिया. कातरणीत एका माणसाला वगळता येण्याजोगं मानलं गेलं. फोटोओळीत दोन माणसांना एकमेकांच्या जागी ठेवता येण्याजोगं मानलं गेलं. दोन्हींना एकत्र वाचलं की नमुना दिसतो, आणि एकेक सुटी घेतली की दोन्ही ‘घाईतल्या चुका’ ठरतात. अभ्यासाचं टिपण लिहिताना अशा जोडीदार चुका शोधाव्यातच.

माफीची उतरंड

एपीची प्रतिक्रिया तीन पायऱ्यांनी आली. आधी इमारतीचं स्पष्टीकरण. मग संस्थेचं निवेदन: गटातल्या एकमेव कृष्णवर्णीय व्यक्तीला कापल्याचा खेद आहे, ही निर्णयातली चूक होती, आपल्या पत्रकारांशी बोललो आहोत. नकाते यांनी लक्षात आणून दिलं की यात त्यांना उद्देशून माफी कुठेच नाही. त्यानंतर एपीच्या तेव्हाच्या कार्यकारी संपादक सॅली बझबी यांनी त्यांचं नाव घेऊन, या चुकीने तुमचा आवाज दाबला गेला हे मान्य करून जाहीर माफी मागितली.

या पायऱ्यांत बदलत गेला तो वाक्याचा विषय. पहिल्यात विषय इमारत आहे, दुसऱ्यात संस्था, तिसऱ्यात वनेसा नकाते. वृत्तकक्षात काम करणाऱ्यांनी इथून थेट धडा घ्यावा: ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याशी पहिल्या तासात बोला, खुलासा नंतर. फोटो गुपचूप बदलणं तर सर्वांत वाईट, कारण मग जुनी प्रत ग्राहकांच्या पानांवर राहते आणि ती जुनी आहे हे सांगणारं काही उरत नाही.

वृत्तकक्षात काय करता येतं

गटाचा फोटो पाठवण्याआधी मूळ चौकटीतली आणि अंतिम चौकटीतली डोकी मोजावीत. आकडा जुळला नाही तर कापणाऱ्याने कारण एका ओळीत लिहावं आणि ते दुसऱ्या कुणीतरी वाचावं. याला वीस सेकंद लागतात. कार्यक्रमात बोलायला बसलेली व्यक्ती कापायची नाही, हा नियम ठेवावा. मागून जाणारा वाटसरू कापायला हरकत नाही. पार्श्वभूमी खराब असेल तर चौकट बदला, कोन बदला, दुसरा फोटो पाठवा. या प्रकरणात आणखी फोटो होते हे संस्थेनेच सांगितलं.

नावं जागेवरच घ्यावीत, व्यक्तीकडूनच, देशासह, आणि डावीकडून क्रमाने. खोलीवर परतून चेहरे ओळखत बसलं की म्वान्सा-नकाते अशी गल्लत होते, आणि ती अनेकदा अल्पसंख्य चेहऱ्यांच्या बाबतीत होते, कारण छायाचित्रकाराने तशी माणसं कमी पाहिलेली असतात.

प्रशिक्षणाची शिबिरं घेतली जातात, एपीनेही वाढवण्याचं सांगितलं. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादित. शुक्रवारी दुपारी मुदत डोक्यावर असताना शिबिरात ऐकलेलं आठवत नाही. पाठवण्याच्या खिडकीत ‘चौकटीतून कुणी वगळलं आहे का?’ असा एक रकाना असेल आणि तो भरल्याशिवाय फाइल जात नसेल तर तो आठवावा लागत नाही.

दुरुस्तीची सूचना पाठवताना तिच्यात काय बदललं ते नावानिशी असावं: ‘आधीच्या प्रतीत डावीकडच्या वनेसा नकाते, युगांडा, यांना वगळण्यात आलं होतं; ती प्रत वापरू नये.’ ‘सुधारित फोटो’ एवढंच लिहिलं तर ग्राहक संपादकाला बदलण्याची निकड कळत नाही. आणि जुनी प्रत नष्ट करू नये. ती वापरातून काढावी, दुरुस्तीच्या नोंदीशी जोडावी आणि संग्रहात राहू द्यावी. दोन्ही चौकटी शेजारी ठेवल्याशिवाय पुढच्या माणसाला हे प्रकरण तपासता येणार नाही.